अकरा फुल्या

घटनेनुसार देशातलं सर्वोच्च पद राज्यपरिषदेच्या अध्यक्षांचं, त्याखालोखाल पंतप्रधानांचं. पक्षाच्या महासचिवांचा घटनेत उल्लेखच नव्हता. म्हणून ते व्यासपीठावर मधोमध उभे राहत. बाकीचे त्यांच्यापासून किती हात लांब उभे आहेत, ते पाहून राजधानीतली माणसं कोणाला किती वाकून भेटायचं ते ठरवत.

हे अंतर फरशीवर खडूने आखण्याचं काम हारलांपी दोब्रेव्हचं. बारा नेते, बारा फुल्या. नावं लिहायची नाहीत. ज्याने त्याने आपली जागा ओळखायची.

सप्टेंबरच्या संचलनाच्या आदल्या दुपारी कार्यालयप्रमुख मिंचेव्हचा फोन आला.

"या खेपेला अकरा."

"कोण कमी, कॉम्रेड?"

"तुम्ही खात्यात नवीन आहात का?" फोन बंद.

हारलांपी खडू घेऊन व्यासपीठाकडे निघाला. त्याच्या आधीच्या माणसाने एक फुली वीतभर चुकवली होती. तो आता एका खाणीच्या गावात ग्रंथपाल होता. त्या गावात ग्रंथालय नव्हतं.

ध्वनिक्षेपकवाला स्पास तिथल्या पायरीवर चीज भरलेली बनित्सा खात बसला होता. अकराचा आकडा ऐकून तो म्हणाला, "भरले वाटतं कोणाचे तरी दिवस."

"कोणाचे असतील रे, तुला काय वाटतं?"

"मला काही वाटत नाही बाबा. वाटून घेणं डॉक्टरांनी बंद केलंय."

हारलांपीने जुन्या फुल्या पुसल्या आणि सारख्या अंतरावर अकरा आखल्या. ज्याला काढलंय तो येणारच नाही, बाकीचे आपसात जुळवतील, असा त्याचा हिशेब.

सकाळी बाराही जण वर आले.

महासचिव मधल्या फुलीवर उभे राहिले. बाकीच्यांनी खाली पाहिलं. क्षणभर कोणी हललं नाही; मग सगळे एकदम हलले. पदकांच्या ओझ्याने एरवी प्रत्येक पायरीवर दम खाणाऱ्या संरक्षणमंत्र्यांनी चक्क उडी मारली. राज्यपरिषदेचे अध्यक्ष कृषिमंत्र्यांच्या जागेवर जाऊन घट्ट उभे राहिले. मागे राहिले पंतप्रधान वेलिझार कुंचेव्ह. त्यांचा गुडघा दुखरा होता.

कुंचेव्हनी फरशी न्याहाळली. मग महासचिवांकडे पाहिलं. ते गर्दीला हात करत होते. कुंचेव्हनी टोपी घातली आणि कोणी काही न सांगताच मागच्या जिन्याने खाली उतरू लागले. खाली दोन माणसं उभी होती. त्यांनाही कोणी काही सांगितलं नव्हतं. पण एवढा मोठा माणूस एकटा उतरतोय म्हटल्यावर त्यांनी गाडीचं दार उघडलं.

मिंचेव्ह पांढराफटक पडून हारलांपीकडे आला. "अहो, परराष्ट्रमंत्री हवानाला जाणार होते म्हणून अकरा म्हटलं होतं! दौरा रात्री रद्द झाला. तुम्हाला कळवायचं राहिलं."

"मग कुंचेव्ह साहेबांना परत बोलवा ना!"

"काय सांगून? चूक झाली म्हणून? कोणाची?"

खालून शाळकरी मुलींचं पथक गात गेलं.

संध्याकाळी रेडिओने सांगितलं, की प्रकृतीच्या कारणास्तव पंतप्रधानांना त्यांच्या विनंतीवरून मुक्त करण्यात आलं आहे. आठवडाभरात त्यांचे गुन्हेही सापडले. पुष्कळ होते.

मग एक दिवस हारलांपीला फोन आला. आवाज त्याने आजवर फक्त ध्वनिक्षेपकावर ऐकला होता.

"छान काम केलंत, कॉम्रेड. कुंचेव्ह असा आपणहून निघून जाईल असं मलाही वाटलं नव्हतं. नोव्हेंबरला दहा आखा."

"कोण कमी, कॉम्रेड महासचिव?"

"मला काय माहीत? त्यांचं ते ठरवतील."

हारलांपीने फोन ठेवला, तोच दारावर टकटक झाली. संरक्षणमंत्री उभे होते, काखेत मधाची बरणी.

"काही नाही," ते म्हणाले, "सहज, तुमची तब्येत विचारायला आलो."

त्यांच्या मागे जिन्यावर आणखी कोणाची तरी पावलं वाजत होती.