चक्क्याच्या फडक्यावरची निळी लव

मित्रांनो, मी एक जुना निळा स्वेटर आहे. हात लावाल तर लोकर वाटेल, पण माझ्या अंगात मेंढीचा एक केसही नाही. पाण्याच्या रिकाम्या बाटल्या धुतल्या, त्यांचा चुरा केला, तो वितळवून धागा ओढला आणि मी झालो. माझ्या गळ्याशी एक हिरवी चिठ्ठी होती : 'समुद्र वाचवणारा स्वेटर'. त्या चिठ्ठीचा मला फार ताठा होता, हे कबूल करतो.

चिठ्ठी वाचूनच आन्याने मला आपल्या आईसाठी घेतलं. तिची आई म्हणजे शोभनाताई, मूळच्या नागपूरच्या, आता अमेरिकेतल्या बॉथेलच्या. त्यांचा एक नियम होता. बाहेर घातलेला कपडा घरात आला की थेट धुवायला टाकायचा, मग तो दहा मिनिटं का घातलेला असेना. त्या सकाळी चालून आल्या की मी मशीनमध्ये. अशी तीन वर्षं गेली. कोपरांवर मी विरळ झालो, तेव्हा त्या म्हणाल्या, "अगंबाई, हा झिजतोय की!" झिजलेला भाग गेला कुठे, हे मात्र कुणीच विचारलं नाही. मीही नाही.

यंदा आन्याने शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी मलाच निवडलं. पहिला नंबर येणाऱ्याला उन्हाळाभर समुद्रकिनाऱ्यावरच्या प्रयोगशाळेत काम मिळणार होतं, आणि त्यासाठी ती जीव टाकत होती. माझा फोटो लावून तिने मोठा तक्ता रंगवला. मग शाळेतल्या बाईंनी पुरावा मागितला, म्हणून माझ्यातून काहीच सुटत नाही हे दाखवायला तिने स्वयंपाकघरातलं एक पातळ फडकं मशीनच्या सांडपाण्याच्या पाईपच्या तोंडाला बांधलं आणि मला धुवायला टाकलं.

"आन्या! चक्क्याचं फडकं कुठाय? परवा लोक जेवायला यायचेत. चक्का काय माझ्या ओढणीत बांधू?"

"आई, कम हिअर. हे बघ ना."

पांढऱ्याशुभ्र फडक्यावर निळी लव साचली होती. माझीच.

"हे एका वॉशचं आहे," आन्या म्हणाली. "हे सगळं प्लॅस्टिक आहे, आई. फिश हे खातात."

"अगं, पण ते पाणी साफ करतात ना?"

"मोस्टली. थोडं तरी समुद्रात जातंच."

शोभनाताई तिथेच स्टुलावर बसल्या. "तीन वर्षं रोज धुतलाय गं मी. म्हणजे हे मीच केलं?"

"मीच आणला ना तो. आय डिडन्ट नो."

मला लाज वाटली. चिठ्ठीने सांगितलं ते मी खरं मानून बसलो होतो.

प्रदर्शन दुसऱ्याच दिवशी होतं. "राहू दे बाई," शोभनाताई हळूच म्हणाल्या. "तक्ता छान झालाय. कोणाला कळणार आहे?" आन्याने तक्त्यावरचं 'समुद्र वाचवणारा' खरवडून काढलं आणि ते फडकं माझ्या फोटोशेजारी टाचलं; मलाही सोबत नेलं.

परीक्षकांनी विचारलं, एवढं कोण धूत होतं याला? मागून शोभनाताई पुढे आल्या आणि म्हणाल्या, "आय डिड. एव्हरी डे. मला वाटायचं, स्वच्छ म्हणजे चांगलं."

पहिलं बक्षीस दुसऱ्याच कुणाला मिळालं. गाडीत आन्या रडली. शोभनाताईंनी तिच्या अंगावर मलाच पांघरलं.

आता त्या मला बाल्कनीत वाऱ्यावर टाकतात आणि सीझनमधून एकदाच धुतात. माझ्या अंगाला थोडा फोडणीचा वास येतो. ते फडकं पुन्हा चक्क्याला लागलं नाही, ते आता परत पाईपलाच बांधलेलं आहे.

मित्रांनो, एवढंच सांगायचं आहे. हिरवी चिठ्ठी वाचून माझ्यासारखा नवा आणू नका. घरात आहे तोच वापरा, आणि दर वेळी धुवायची घाई करू नका. माझ्या कोपरांवरून गेलेलं आज कुठल्यातरी माशाच्या पोटात आहे, ते काही परत येत नाही. उरलेला मी अजून आन्याच्या घरात आहे. तेवढा तरी समुद्रात जाऊ नये.