‘डुक्कर’ लिहिलेलं पुडकं

त्या गुरुवारी पहाटे मी स्तोत्र वाचत होते, तेव्हा ओढ्याकडून तीन बार ऐकू आले. एकामागोमाग एक, मध्ये श्वास घ्यायलाही जागा नाही. त्यात नवल काही नव्हतं. माझा जावई वेंडेल तिकडच्या मचाणावर रानडुकरांसाठी बसला होता आणि त्याची नवी रायफल तशीच वाजते. एकदा चाप ओढला की पुढची गोळी आपोआप तयार. गोळीही माझ्या करंगळीपेक्षा जाड. कळप पळत असतानाच तीन-चार पाडता येतात म्हणून त्याने ती घेतली होती. डुकरांनी आमचं गवताचं रान नांगरल्यासारखं करून टाकलं होतं, त्यामुळे मीही काही म्हटलं नव्हतं.

मग बराच वेळ काहीच नाही. माझं अर्धं स्तोत्र वाचून झालं आणि चौथा बार आला. एकटाच.

माझे यजमान ओटिस याच रानात चाळीस वर्षं शिकार करत होते. उशिरा येणारा एकटा बार म्हणजे काय, हे मला कुणी सांगायला नको. काहीतरी पडलंय पण मेलेलं नाही, आणि कुणीतरी जवळ जाऊन पाहिलंय. डुकराच्या बाबतीत त्यात वावगं काही नाही. तरी माझी ओळ चुकली आणि मला ते स्तोत्र पुन्हा पहिल्यापासून वाचावं लागलं.

माझे नेम साधे आहेत. उजाडायच्या आधी एक स्तोत्र. दुपारचे बारा वाजेपर्यंत कुणाबद्दल वाईट बोलायचं नाही. खरं तर नंतरही बोलू नये, पण आईने मला झेपेल तेवढंच सांगितलं होतं. आणि तिसरा, जेवणाआधी देवाचे आभार मानताना ताटात काय आहे त्याचं नाव घ्यायचं. ‘या अन्नाबद्दल’ असं मोघम चालत नाही. कोंबडी असेल तर कोंबडी, हरीण असेल तर हरीण. ज्याचा जीव गेला त्याचं नाव घ्यायला जीभ अडखळेल असं काही ताटात येऊ नये, एवढाच त्याचा अर्थ. माझ्या टेबलाशी बसणाऱ्या प्रत्येकाला तो पाळावा लागतो, गावातल्या सगळ्यांसारखं मला ‘मिस आर्डिथ’ म्हणणाऱ्या जावयालासुद्धा.

त्या दिवशी उजाडल्यावर वेंडेल डुक्कर सोलायला पेकानच्या झाडाखाली आला नाही. एरवी तिथेच टांगतो, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून किती लांबून मारलं ते ऐकवतो. त्या दिवशी तो शेडमध्ये गेला आणि दार आतून ओढून घेतलं. मी विचारलं तर म्हणाला, वारा फार आहे. वारा होता, नाही म्हणत नाही. पण नंतर ट्रॅक्टर घेऊन तो ओढ्याकडे गेला आणि खड्डा खणून आला. डुकराची आतडी आम्ही कधी पुरत नाही. रानाच्या टोकाला टाकतो आणि गिधाडं दोन दिवसांत जागा साफ करतात. त्या आठवड्यात आमच्या आभाळात एकही गिधाड फिरलं नाही.

मी स्वतःला समजावलं. हा तोच वेंडेल, ज्याने हरणांचा मोसम उघडला त्या दिवशी मादी मारली आणि तिला हात लावायच्या आधी गुडघ्यावर बसून परवान्याची चिठ्ठी भरली. चिठ्ठीवरची त्या दिवसाची तारीख कापून काढावी लागते, ती बरोबर कापली गेली की नाही हे त्याने मला चष्मा लावून दोनदा तपासायला लावलं होतं. असा माणूस डुकरात काय लपवणार? डुकराला ना मोसम ना चिठ्ठी.

संध्याकाळी त्याने मला पांढऱ्या कागदातली खिम्याची चार पुडकी आणून दिली. प्रत्येकावर ठळक अक्षरात ‘डुक्कर’. एरवी तो नुसती तारीख टाकतो.

शुक्रवारी शेजारचा हॉलिस आला. त्याचं कुरण आणि आमचं रान यांच्यामध्ये फक्त एक तारेचं कुंपण. तो माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा आणि ओटिसचा जुना मित्र, त्यामुळे घरात शिरताना दार वाजवत नाही. त्याची एक काळी कालवड दिसत नव्हती. ओढ्याजवळ कुंपणाची खालची तार वर ढकललेली होती. डुकरांनी ढकलली असेल, असं मी म्हटलं. तो म्हणाला, तार डुकरांनी ढकलली असेल, पण कालवड डुकरांनी नेलेली नाही. मग आवाज खाली करून त्याने इसिद्रोचं नाव घेतलं.

इसिद्रो आम्हा दोघांचंही गवत कापतो, अकरा वर्षं झाली. त्या आठवड्यात तो गठ्ठे वाहून नेत होता आणि बुधवारी त्याचा ट्रक ओढ्यापाशी उभा होता. हॉलिसने तो पाहिला होता. मीही पाहिला होता, आणि तसं म्हणाले. हॉलिसने सांगितलं की सोमवारी तो शेरीफला कळवणार आणि गवताचं काम दुसऱ्याला देणार. मी गप्प राहिले. लोक म्हणतात, आर्डिथ किती हळुवार बोलते. हळुवार बोलणाऱ्याला गप्प बसणं फार सोपं जातं, कुणाच्या लक्षातही येत नाही.

तेवढ्यात वेंडेल आत आला. हॉलिसने त्याला नेहमीसारखं छेडलं. त्या रायफलवरून तो त्याला पहिल्या दिवसापासून छेडत होता.

“माझी रायफल एकदाच उडते, म्हणून मी आधी बघतो. तुझी पाचदा उडते, तू सावकाश नंतर बघत जा.” मग म्हणाला, “बार ऐकले मी काल. माझा वाटा कुठाय?”

कुंपणाजवळ डुक्कर पडलं की शेजाऱ्याला एक पुडकं द्यायचं, ही आमच्याकडची रीत. वेंडेल क्षणभर दाराची मूठ धरून उभा राहिला. मग गेला आणि एक पुडकं आणून दिलं. हॉलिसच्या तोंडाकडे त्याने पाहिलं नाही.

शनिवारी मी गावात जात असताना समोरून इसिद्रोचा ट्रक आला. आमच्या रस्त्यावर समोरच्याला हात करतातच. ओळख असो नसो, स्टिअरिंगवरून दोन बोटं तरी उचलायची. त्याने उचलली. माझे दोन्ही हात स्टिअरिंगवरच राहिले. ट्रकच्या मागे ताडपत्री होती, ती कशावर टाकलीय हे मी आरशात पाहत राहिले.

रविवारी सकाळी चर्चला निघायच्या आधी मी एक पुडकं सोडलं, खिमा बिडाच्या तव्यात परतला आणि झाकून गेले. परत आले तेव्हा तवा गार झाला होता. झाकण काढलं आणि तशीच उभी राहिले. चरबी तव्यात मेणासारखी घट्ट बसली होती, वर पिवळसर छटा. चमच्याने टोकरली तर ढलपी निघाली. पन्नास वर्षं मी स्वयंपाक करतेय. रानडुकराला चरबी मुळात थोडी, आणि असते ती पांढरी, गार झाल्यावरही बोट रुतेल इतकी मऊ. ही डुकराची नव्हती. हरणाचीही नव्हती. ही गवतावर वाढलेल्या गुराची होती.

शेडचं दार, ट्रॅक्टर, तो एकटा बार, सगळं एका जागी आलं. आणि उद्या सोमवार होता.

हॉलिसला फोन करावा असं पहिल्यांदा मनात आलं. पण आमच्या चर्चमध्ये लहानपणापासून एक गोष्ट शिकवतात. भावाचा अपराध दिसला तर आधी त्याच्याकडे एकट्याने जायचं, चारचौघांत नंतर. मी घड्याळाकडे पाहिलं. बारा वाजून गेले होते. माझी मुलगी मेरिली वृद्धाश्रमात कामावर होती, संध्याकाळपर्यंत यायची नव्हती. मी अंगण ओलांडून वेंडेलला म्हटलं, जेवायला ये.

मी खिमा गरम केला, चवळी आणि मक्याचा पाव ठेवला, आणि दोनच ताटं मांडली. तो बसला. टोपी काढून मांडीवर ठेवली.

“आज आभार तू मान,” मी म्हटलं.

त्याने डोळे मिटले. “हे परमेश्वरा, या अन्नाबद्दल…”

“नाव, वेंडेल.”

 त्याचे डोळे मिटलेलेच होते, पण मांडीवरची टोपी तो पिळत होता.

“मिस आर्डिथ, तुम्हाला कधीपासून माहीत आहे?”

“तू माझ्याशी बोलत नाहीयेस. तू आभार मानतोयस.”

त्याने टोपी टेबलावर ठेवली. मग म्हणाला, “या कालवडीबद्दल. हॉलिसच्या.”

त्यानंतर सगळं बाहेर आलं. अंधार पुरता सरला नव्हता. उष्णता दाखवणाऱ्या दुर्बिणीतून रंग दिसत नाही, नुसते पांढरे ठिपके आणि आकार. उंच गवतात दोन डुकरं उभी होती आणि तिसरं बसलेलं, निदान त्याला तसं वाटलं. पहिल्या गोळीला उभी असलेली पळाली. बसलेलं जागचं उठू लागलं, तर बोट थांबायच्या आत पुढच्या दोन गोळ्या त्यात गेल्या होत्या. उठताना त्याचे पाय लांब दिसले. तेव्हा त्याला कळलं. तो धावत गेला, तिची तडफड बघत राहिला, आणि मग चौथी गोळी घातली.

“हॉलिस मला त्याच्या कुंपणाजवळ पुन्हा रायफल घेऊन फिरकू देणार नाही,” तो म्हणाला. “आणि मरेपर्यंत हसेल मला.”

“हसू दे. इसिद्रोला उद्या शेरीफ विचारायला येईल, त्याचं काय?”

इसिद्रोचं त्याला ठाऊक नव्हतं. हॉलिसने ते त्याच्यासमोर काढलं नव्हतं, आणि मीही नाही. त्याने ताट बाजूला सरकवलं. आम्ही दोघांनीही काही खाल्लं नाही.

हॉलिसकडे मी सोबत गेले, पण ट्रकमध्येच बसून राहिले. ते त्याचं त्यालाच बोलायचं होतं. काच खाली होती. वेंडेलने कठड्यापाशी उभं राहून सांगितलं, कसलीही सबब न देता. हॉलिस ऐकून घेऊन म्हणाला, “काल जेवताना मी बायकोला म्हटलं, या पोराने आयुष्यात पहिल्यांदा चवीचं डुक्कर मारलं.” मला वाटलं आता हसेल, पण तो हसला नाही. खुर्चीत खाली बसला आणि म्हणाला की खाद्याच्या दुकानात काल तीन जणांना त्याने इसिद्रोचं नाव सांगितलंय. ते आता परत कसं घ्यायचं, हे त्याने वेंडेलला विचारलं, जणू वेंडेलला ठाऊक असेल. कालवडीच्या किमतीचा विषय दोघांपैकी कुणीच काढला नाही.

मग आम्ही तिघं इसिद्रोकडे गेलो. तो अंगणात गवत ओढायच्या दातेऱ्याचे वाकलेले दात बदलत होता. वेंडेल बोलला, मग हॉलिस बोलला. हॉलिसला माफी मागता येत नाही. तो बुटाकडे बघत हवापाण्याविषयी बोलल्यासारखं बोलला, पण तीन माणसांची नावं घेतली आणि उद्या त्यांना जाऊन सांगतो म्हणाला. इसिद्रोने पाना खाली ठेवला.

“दुकानातलं कानावर आलं, तेव्हा काल संध्याकाळी मी माझ्याच गुरांत तुमची कालवड शोधत होतो,” तो म्हणाला. “दोनदा मोजली. म्हटलं, कुणी आणून सोडली असली तर?”

 ते दोघं ट्रककडे गेले. मी मागे राहिले. मला वाटलं, माझं राहिलंय.

मी त्याला सांगितलं की हॉलिसने नाव घेतलं तेव्हा मी गप्प बसले होते, आणि दोन दिवस माझ्याही मनात तेच होतं. हे मी नेहमीपेक्षाही हळू बोलले असणार, कारण तो ऐकायला थोडा पुढे वाकला.

“माहीत आहे, मिस आर्डिथ,” तो म्हणाला. “काल तुम्ही हात केला नाहीत.”

त्याने पाना उचलला आणि पुढचा दात सोडवायला घेतला.