खिडकीत बसलेल्या दासीचं पुढे काय झालं

"महाकादंबऱ्या लिहिणाऱ्यांना एकदा तरी भर चौकात उभं करून जाब विचारला पाहिजे," ताईनं जाहीर केलं. "राजांच्या चौदा पिढ्या नावानिशी देतात आणि ज्यांच्या जिवावर ते राजे जगले त्यांना अर्ध्या ओळीत वाटेला लावतात. हा साहित्याचा दोष नाही, मानवजातीचा गुन्हा आहे."

हे विधान मानवजातीला उद्देशून असलं तरी ताईनं ते बेडपॅनवर बसून केलं होतं, त्यामुळे त्याला ताबडतोब दाद मिळू शकली नाही. नर्सबाई म्हणाली, "झालं का?"

"मुद्दा झाला," ताई म्हणाली. "दुसरं अजून नाही."

पडद्याच्या अलीकडे तिचा धाकटा भाऊ भिंतीकडे तोंड करून उभा होता. हातात चारही खंड एकत्र बांधलेली ती कादंबरी. घरात तिला 'जाडी' म्हणत. जाडीत जादूगार होते, बोलणारे पहाड होते, सावल्या विकणारा एक व्यापारी होता आणि एका राजकन्येचं हरवलेलं राज्य होतं. ताईनं ती परकर-पोलक्यात असताना पहिल्यांदा वाचली आणि पुढे आयुष्यभर, दर काही वर्षांनी, माहेरी जाऊन यावं तशी ती जाडीत जाऊन येत असे. आता डोळे गेले होते आणि पोटात जे वाढत होतं त्यापुढे डॉक्टरांनी हात टेकून तिला घरी पाठवलं होतं. म्हणून रोज दुपारी भाऊ वाचून दाखवायचा.

ताईचा व्यवसाय कपडे दुरुस्त करण्याचा. पुढच्या खोलीत मशीन, भिंतीला आरसा आणि दाराशी पाटी. लोक जाड व्हायचे, ताई शिवण उसवून द्यायची. लोक वाळायचे, ताई टाचून द्यायची. गावातल्या अर्ध्या संसारांचा हालहवाल तिला कंबरेच्या मापावरून कळे.

भावाची नोकरी सरकारी दवाखान्याच्या शवागारात. कारकून. काचेपलीकडून डॉक्टर बोलायचे, अलीकडे हा टंकायचा. शरीरयष्टी, कपडे, जखमा, कारण. निवृत्तीपर्यंत त्यानं त्या काचेकडे पाठ करून जेवणाचा डबा खाल्ला. ताई त्याला लाडानं कारकुंड्या म्हणे. नर्सबाई काका म्हणे, पण लाडानं नव्हे.

ताईचा मानवजातीवरचा राग मुळात एका दासीमुळे होता. दुसऱ्या खंडात राजकन्या सराईतून पळते तेव्हा शत्रूला चकवण्यासाठी तिची दासी तिचा निळा अंगरखा घालून वरच्या मजल्यावरच्या खिडकीत बसते. 'आणि ती तशीच बसून राहिली,' असं लेखक लिहितो. शत्रू जिना चढू लागतात. प्रकरण संपतं. पुढच्या प्रकरणात राजकन्या नदीपार झालेली असते, सराईखालच्या चौकात निळ्या अंगरख्यातलं कुणीतरी पडलंय आणि गर्दी जमलीय एवढं एका वाटसरूकडून तिच्या कानावर येतं, ती दोन अश्रू ढाळते आणि नंतरच्या दोन खंडांत दासीचं नावही काढत नाही.

"नाव काढणार कसं?" ताई म्हणे. "लेखकानं ठेवलंच नाहीये."

एका दुपारी ती म्हणाली, "कारकुंड्या, तू सांग."

"काय?"

"ह्यात जे सांगायचं राहून गेलंय ते. इतकी वर्षं कागद काळे केलेस ना?"

"ते दुसऱ्यांचं होतं. मी नुसता टंकायचो."

"मग आता स्वतःचं टंक. आधी सोपा घे. पहिल्या खंडातला मोतद्दार. राजा पळतो तेव्हा घोडा धरून उभा असतो तो."

भावानं घसा साफ केला. डोळे मिटले. मग एकसुरात सांगू लागला, "पुरुष. वय सुमारे पस्तीस. शरीरयष्टी मध्यम. डाव्या बरगड्यांवर खुराच्या आकाराची जखम. बरगड्या मोडून आत शिरलेल्या. मृत्यूचं कारण, घोड्याची लाथ."

ताई इतकी हसली की नर्सबाईला तिचं पोट दोन्ही हातांनी धरून ठेवावं लागलं. भावाला यशाची सवय नव्हती, त्यामुळे ते त्याच्या डोक्यात गेलं. दुसऱ्या दिवशी त्यानं राजवाड्याचा आचारी घेतला: फुप्फुसांत धूर. मग किल्ल्यावरचा मशालजी: उंचावरून पडून. मग सावल्या विकणाऱ्या व्यापाऱ्याची बायको, जिचा उल्लेख जाडीत फक्त एका कंसात होता: बुडून.

"काका, तुमच्या गोष्टीत कुणी जेवतबिवत नाही का?" नर्सबाईनं विचारलं.

"जेवतात की. पोटात अर्धवट पचलेलं अन्न असतं."

ताई त्यावरही हसली. मग हसणं थांबवून म्हणाली, "आता माझ्या दासीचं सांग. पण तिचं जरा नीट सांग, हं."

नीट म्हणजे काय, हे माणसा-माणसावर अवलंबून असतं. भावाच्या लेखी नीट म्हणजे सविस्तर. त्यानं रात्रभर तयारी केली आणि दुसऱ्या दुपारी, खुर्ची पलंगाजवळ ओढून, आयुष्यातला सर्वांत नीट अहवाल सादर केला. स्त्री, वय सुमारे वीस. अंगावर निळा अंगरखा, मापाचा, खांद्याशी फाटलेला. दोन्ही मनगटांवर आवळल्याच्या खुणा. उंचावरून फरसबंदीवर पडल्यामुळे कवटीला तडे. हे तडे कुठून कुठे गेले होते तेही त्यानं सांगितलं. नखांत खिडकीच्या चौकटीचा रंग होता, हे त्यानं स्वतःच्या कल्पनेनं घातलं आणि त्याबद्दल त्याला थोडा अभिमानही वाटला.

 ताईनं भिंतीकडे तोंड केलं.

त्या दिवशी तिनं पेज घेतली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. वाचू का विचारलं तर हात नुसता हलवला, माशी वारावी तसा. दुखण्याची गोळी मात्र मागून घेतली, एकदा वेळेआधीच. नर्सबाईनं भावाला स्वयंपाकघरात गाठलं.

"काय सांगितलंत त्यांना?"

"दासीचं. ताईनंच विचारलं होतं."

"मारलंत तिला?"

"वरचा मजला, शत्रू जिन्यावर, खाली चौकात कुणीतरी पडलेलं. मी काय करणार? तूच सांग, दुसरं काय झालं असेल?"

"त्यांनी विचारलं होतं, तिचं पुढे काय झालं."

"तेच तर सांगितलं."

नर्सबाईनं त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं. रुग्णाकडे पाहतात तसं. फक्त रुग्णाकडे पाहताना ती थोडी आशा ठेवत असे. "काका," ती म्हणाली, "त्यांच्याजवळ आता फार दिवस नाहीत. एवढ्या जाड पुस्तकातून एक बाई जिवंत सुटलेली ऐकायची आहे त्यांना. एक. जमतंय का बघा."

ती गेली. भाऊ ओट्यापाशी स्टुलावर बसून राहिला. जमवायला त्याची ना नव्हती. पण जिवंत माणसाचं काय सांगतात, हेच त्याला ठाऊक नव्हतं. त्याच्याकडे माणसं यायची ती शेवटच्या पानावरून सुरू व्हायची. हा माणूस सकाळी कशावरून चिडला होता, ह्या बाईला कुणाच्या लग्नाला जायचं होतं, ते कुणी काचेपलीकडून सांगत नसे. त्यानं मनात सुरुवात करून पाहिली: ती दासी वाचली आणि. ह्या 'आणि'पुढे त्याचं डोकं बंद पडत होतं. लग्न लावून द्यावं तर नवऱ्याच्या छातीत गाठ दिसू लागे. मुलं द्यावीत तर विहीर दिसे. थोडक्यात, बाईला सुखरूप ठेवायचं तर तिच्या आसपास कुणालाच फिरकू देणं शक्य नव्हतं.

शेवटी काहीही न सुचता तो आत गेला आणि खुर्चीत बसला. नर्सबाई चादर बदलायला आली होती ती दारातच थांबली.

ताई भिंतीशीच बोलली. "अंगरखा मापाचा होता म्हणालास."

"हो."

"कुणाच्या मापाचा?"

 खरं उत्तर असं होतं की कपड्यांबद्दल वेगळं काही नसलं की भावाची बोटं आपोआप 'मापाचे' टंकायची, आणि तेच जिभेवर आलं होतं.

"राजकन्येच्या कानातलं काढायला दासी स्टुलावर चढते," ताई म्हणाली. "पहिल्याच खंडात आहे. म्हणजे डोकंभर तरी बुटकी. तो अंगरखा तिच्या पायांत आला असता. बाह्यांतून बोटं दिसली नसती. जन्मभर मी हेच केलंय, मला नको सांगू. जी पडली तिला तो मापाचा होता. मग ती माझी दासी नव्हे."

भावानं दाराकडे पाहिलं. नर्सबाई चादर छातीशी धरून उभी होती.

"ओळख चुकली असेल," तो म्हणाला.

"चुकते?"

"कपड्यांवरून पटवली की चुकते. एकाचे घरचे रडून-भेकून घेऊन गेले, सगळं उरकलं, आणि आठवड्यानं तो स्वतः पाकीट मागायला खिडकीशी हजर."

"दिलंस?"

"सही कोण करणार ह्यावर अडलं होतं."

ताईच्या खांद्यांतून काहीतरी हललं. हसू असावं. "मग माझी दासी?"

"तिची आमच्याकडे नोंद नाही."

"म्हणजे काय?"

"म्हणजे ती आमच्याकडे आली नाही."

हे वाक्य बोलल्यावर त्याला कळलं की हे आपण नोकरीत हजारदा बोललोय. हरवलेल्यांचे नातलग खिडकीशी यायचे, फोटो दाखवायचे, आणि तो म्हणायचा, आमच्याकडे आली नाही. मग ती माणसं बाकावर बसून रडायची, हात जोडायची, एक म्हातारा तर त्याच्या टाइपरायटरच्या पाया पडला होता. जिवंत माणसाबद्दल त्याला माहीत असलेली एवढी एकच गोष्ट होती, आणि तिच्यापुढे काय असतं हे त्यानं कधी विचारलं नव्हतं, कारण माणसं आनंदानं निघून जात.

ताईनं हळूहळू कूस बदलली. त्याला वेळ लागला. "आली नाही," ती म्हणाली. "बरं झालं."

खोलीत थोडा वेळ बरं वाटलं. मग ती म्हणाली, "मग खाली पडलेली ती कोण?"

ह्याचा भावानं विचार केला नव्हता. "बेवारस," तो म्हणाला.

"म्हणजे एक सुटली ती दुसरीला आपल्या जागी घालून."

"कुणीतरी पडलेलं आहे, ताई. पुस्तकातच आहे. गर्दी जमलीय."

"हिला तर अर्धी ओळसुद्धा नाही," ताई म्हणाली. "माझ्यासारखी एक दासीच्या मागे लागते. हिच्या मागे कोण लागणार?"

 बेवारस खणात ठेवतात, मुदत संपली की सरकारी गाडी येते, हे भावाला ठाऊक होतं, पण ह्या वेळी त्यानं ते सांगितलं नाही.

"उंच होती," ताई जराशानं म्हणाली. "एवढं तरी कळलं."

"हो. उंच होती."

"आणि कुडकुडत असणार. नाहीतर माझ्या दासीनं पळताना वाटेत टाकलेला अंगरखा कोण घालतं?"

मग कळ आली. ताईचा चेहरा आक्रसला, तिनं भावाचं मनगट धरलं आणि इतकं आवळलं की त्याला खुणा कशा उठतात ते आतून कळलं. नर्सबाईनं सुई दिली. कळ गेली, पण संपूर्ण गेली नाही. त्या दिवसांत ती संपूर्ण कधीच जात नसे. ताईचा श्वास तुटक झाला, ओठ हलू लागले. नर्सबाईनं भावाला डोळ्यांनी खुणावलं, जवळ जा. तो वाकला, कान तिच्या तोंडाशी नेला. ती काही शेवटचं सांगत असेल, काही तिचं स्वतःचं, कुठे न आलेलं, आणि ते शब्दाला शब्द उतरून घ्यायला आपल्याइतका लायक माणूस पंचक्रोशीत नाही, असं त्याला वाटलं. बोटं मांडीवर आपोआप सरसावली.

"कारकुंड्या," ताई म्हणाली.

"बोल."

"पाठ खाजव जरा. तिथं नाही. डावीकडे."