मागच्या फळ्यावर आहे

मी एक जुना फळा आहे, आणि तोही मागचा. मित्रांनो, हे आधीच सांगितलेले बरे, कारण फळा म्हटले की तुमच्या डोळ्यांसमोर पुढचाच येतो. एका चौकटीत एकामागे एक असे दोन फळे असतात आणि दोघेही दोरीवर वरखाली सरकतात, हे पुष्कळांच्या गावीही नसते.

आम्ही दोघे एकाच खाणीतल्या एकाच काळ्या दगडातून निघालो, म्हणजे तसे सख्खे भाऊच. चौकटीत बसवताना मिस्त्रीने ज्याला आधी उचलले तो मागे गेला. तो मी. माझ्यात काही खोट नव्हती, आधी हाताला लागलो एवढाच माझा गुन्हा. आमच्या दोघांच्या दोऱ्या वेगवेगळ्या. त्या कप्पीवरून भिंतीच्या पोकळीत उतरायच्या आणि त्यांच्या टोकाला लोखंडी वजने लटकायची. त्यामुळे एवढा जड दगड, पण बोट लावले की वर जायचा.

आमची खोली विद्यापीठाच्या गणित विभागात, तिसऱ्या मजल्यावर होती. इथले गणित शुद्ध. म्हणजे, याचा उपयोग काय, असे कुणी विचारले तर विचारणाऱ्याचीच कीव करतात, ते गणित. दर बुधवारी चार वाजता इथे चर्चासत्र भरायचे. एकाने खडू घेऊन आपले नवे काम मांडायचे आणि बाकीच्यांनी त्यात खोट काढायची. पहिल्या रांगेत एक म्हातारे प्राध्यापक दहाव्या मिनिटाला झोपत आणि पन्नासाव्या मिनिटाला उठून नेमका अडचणीचा प्रश्न विचारत. ते झोपेत कसे ऐकत, हे मला आजवर कळलेले नाही.

हे सत्र बाई चालवायच्या. त्यांना सगळे नुसते बाईच म्हणत. उंचीने इतक्या लहान की फळ्यापुढे त्यांच्यासाठी एक लाकडी पायरी ठेवलेली होती. कागद न घेता बोलायच्या, खडू दाबून लिहायच्या आणि घड्याळाशी त्यांचे सख्खे नाते. चारचा ठोका पडला की बोलायला सुरुवात, मग खोलीत चाळीस माणसे असोत की एकही नसो. आणि बहुतेक वेळा एकही नसे. कारण सत्राआधी व्हरांड्यात चहा असायचा आणि गणितज्ञाला चहापासून सोडवणे म्हणजे मुंगीला गुळापासून सोडवणे.

फळ्याचा एक नियमही बाईंनीच घालून दिला होता. लिहून झालेला फळा वर ढकलायचा, म्हणजे मागे बसलेल्यांना उतरवून घेता येतो. लिहिलेल्यावर दुसरा फळा ओढायचा नाही. नव्या वक्त्याने तसे केले तर बाई जागेवरून म्हणत, "झाकू नका हो. झाकलेलं गणित म्हणजे न केलेलं गणित."

बाईंच्या जोडीला एक सर होते. कुठलीही अवघड पायरी आली की ते "हे सहज दिसतं" म्हणून पुढे जात, त्यामुळे विद्यार्थ्यांनी त्यांचे नाव सहजराव पाडले होते. सहजराव आणि बाई नऊ वर्षे एकाच प्रश्नाच्या मागे होते. प्रश्न असा : एखादी आकृती विशिष्ट रीतीने ढवळली, तर तिच्यातला एक बिंदू जागचा हलत नाही, हे जुनेच माहीत होते. पण असा बिंदू एकच असतो, दुसरा नसतोच, हे कुणाला सिद्ध करता आले नव्हते. सहजरावांनी मध्येच नाद सोडला. बाईंनी सोडला नाही.

आणि एका बुधवारी त्या ते मांडायला उभ्या राहिल्या. नेहमीसारखे चार वाजले. खोलीत रिकाम्या खुर्च्या, पंखा आणि आम्ही दोघे. पुढचा वर गेलेला होता, मी खाली होतो. सगळ्यात कठीण पायरी त्यांनी आधीच उरकायला घेतली. ती त्यांच्या वहीत सहा पाने व्यापून होती. लाकडी पायरीवर चढून त्यांनी माझ्या अगदी माथ्यावर लिहिले, 'समजा, दोन आहेत.' मग थांबल्या. खडू हवेतच राहिला. त्यांना काहीतरी दिसले होते, ते मला त्यांच्या श्वासावरून कळले. वहीतले सगळे सोडून त्यांनी भराभर आणखी सहा ओळी लिहिल्या. सातवी ओळ होती, 'म्हणून दुसरा नाही.' सहा पानांचे काम सात ओळींत. बाई एकट्याच हसल्या. मी त्यांना तसे हसताना त्याआधी पाहिले नव्हते.

एवढ्यात व्हरांड्यातून कपबशांचा आवाज जवळ आला. मंडळी येत होती. आलेल्यांसाठी कोऱ्या फळ्यावर नव्याने सुरुवात करावी, म्हणून आनंदाच्या भरात बाईंनी पुढचा फळा धरला आणि खसकन माझ्यावर ओढला. आपलाच नियम मोडला. तो धाडकन खाली आला, त्याची दोरी कप्पीवरून निसटली आणि वजन भिंतीत कुठेतरी खोल पडले. बाईंना वाटले, जरा जोरात ओढला गेला, एवढेच.

सहजराव दहा मिनिटे उशिरा, हातात कप घेऊन आत आले. बाई छान बोलल्या. पन्नासाव्या मिनिटाला म्हातारे प्राध्यापक जागे झाले, पण प्रश्न त्यांच्याआधी सहजरावांनी विचारला.

"बाई, दुसरा नाही, हे कशावरून?"

"ते मागच्या फळ्यावर आहे. दाखवते," असे म्हणून बाईंनी पुढचा वर ढकलला. तो हलला नाही. पुन्हा ढकलला. मग शिपाईमामा आले, दोन विद्यार्थी आले. माझा भाऊ जन्मभर एका बोटाने हलायचा, पण त्या दिवशी तो आठ हातांना बधला नाही. मलाच वर सरकवावे, तर आमच्या दोघांत बोट घालायलाही फट नव्हती.

"राहू द्या बाई, तोंडीच सांगा," सहजराव म्हणाले.

बाईंनी डोळे मिटले. पहिली ओळ आठवली, दुसरी आठवली, तिसरी मात्र काही केल्या येईना. सगळे बघत होते. शेवटी त्यांनी वहीतली सहा पानांची जुनी वाट धरली, आणि चौथ्या पानाशी सहजराव हळूच म्हणाले, "बाई, हे काही सहज दिसत नाही." ते खरेच होते. तिथे सिद्धतेत भोक होते. मागून कुणीतरी फस्सकन हसले. मी हातभर अंतरावर, पाठीमागे, सात ओळी घेऊन उभा होतो. मित्रांनो, दगडाला तोंड असते तर मी त्या दिवशी ओरडलो असतो.

त्यानंतर विभागात एक म्हणच पडली. कुणाला एखादी गोष्ट सिद्ध करता आली नाही, की बाकीचे म्हणत, 'असेल, मागच्या फळ्यावर आहे.' बाई समोर असल्या की गप्प होत, पण व्हरांड्यातले सगळे खोलीत ऐकू यायचे.

बाईंनी दुरुस्तीचा अर्ज केला. कार्यालयाचे काम ते, महिना गेला, दुसरा गेला. अखेर एक दिवस शिपाईमामा सांगत आले, "बाई, उद्या सुतार येतोय. चौकट खोलून देतो म्हणाला."

बाई पुढच्या फळ्यापुढे उभ्या होत्या. त्यांनी त्यावर तळवा ठेवला. दोघांच्या मध्ये माझा भाऊ होता, तरी तो तळवा मला कळला.

"नको म्हणून सांगा त्याला," त्या म्हणाल्या.

"का हो बाई? दोन महिने मागे लागला होतात."

"ते दोन महिने मी रोज घरी बसून त्या ओळी शोधतेय, मामा. सापडत नाहीत. आत बरोबर असेल तर ठीकच. पण तिथेही चूकच निघाली, तर मग माझ्याजवळ काय उरलं? आत्ता निदान 'असेल' असं म्हणता येतं."

अर्ज त्यांनी मागे घेतला. आमच्यापुढे एक पांढरा, चकचकीत प्लास्टिकचा फळा ठोकला गेला आणि पुढचाही मागचा झाला. मला सांगायला लाज वाटते, पण क्षणभर बरे वाटले. मग वाटले, आपल्याच भावाचे वाईट झाल्याचा आनंद कसला?

मग चौदा वर्षे मी अंधारात काढली. सत्रे कानांनीच ऐकली. खुर्च्यांच्या आवाजावरून माणसे मोजायचो. चाळिसाची वीस झाली, विसाची सहा. झोपणारे म्हातारे प्राध्यापक यायचे थांबले. सहजराव "हे सहज दिसतं" म्हणेनासे झाले, आणि का, ते त्यांना कुणी विचारले नाही. बाई चार वाजता सुरुवात करीत राहिल्या. निवृत्तीच्या आदल्या बुधवारी तर सव्वाचार झाले तरी कुणीच आले नाही. बाईंनी पूर्ण तासभर रिकाम्या खोलीला गणित सांगितले, पंखा बंद केला आणि गेल्या. टाळ्या वाजवाव्यात असे मला फार वाटले.

पुढे खाली नवे सभागृह झाले. आमची खोली बंद झाली, खुर्च्या गेल्या, बाईंची लाकडी पायरीही गेली. एकटेपणा म्हणजे काय हे तुम्हाला ठाऊक असेलच, पण बोलायला काही नसणे हा खरा एकटेपणा नव्हे. सांगण्यासारखे अंगावर असावे आणि ऐकायला कुणी नसावे, तो खरा. मी त्या सात ओळी मनात म्हणत राहायचो. 'समजा, दोन आहेत'पाशी बरे वाटायचे. 'दुसरा नाही'पाशी आलो की पुन्हा पहिल्या ओळीकडे वळायचो.

मग एके सकाळी ठोकाठोक झाली. इमारतीची डागडुजी निघाली होती. सुताराने पांढरा फळा उखडला, चौकट खोलली, माझ्या भावाला उचलून बाजूला ठेवले आणि चौदा वर्षांनी माझ्यावर उजेड पडला. सात ओळी जशाच्या तशा. अंधारात ना धूळ लागली, ना हात लागला. सुताराने ओले फडके पिळले आणि माझ्यावर टेकवायला हात उचलला.

"थांबा," दारातून कुणीतरी म्हणाले.

सहजराव होते. पिकलेले केस, हातात पुस्तकांची पिशवी. कपाटातली उरलेली पुस्तके न्यायला आले होते. ते जवळ आले, वाचू लागले, सातव्या ओळीशी पोचले, पुन्हा वर गेले. मग बसायला खुर्ची नव्हती म्हणून जमिनीवरच बसले.

"काय लिहिलंय, साहेब?" सुताराने विचारले.

"आम्ही चौदा वर्षं ज्याला हसलो ते," सहजराव म्हणाले.

सहजरावांच्या निरोपावरून दुसऱ्या दिवशी भाचीचा हात धरून बाई आल्या. पार वाकल्या होत्या. सहजराव त्यांच्याआधीच येऊन बसले होते, सुताराकडून मागून आणलेल्या एका स्टुलावर. बाई दारातच थबकल्या.

"तुम्ही वाचलंत, सर?"

"वाचलं."

"मग आधी सांगून टाका. बरोबर आहे का?"

"नाही सांगणार. तुम्ही मांडा. मी त्या दिवशी चहा संपवत बसलो म्हणून पहिली दहा मिनिटं चुकलो. आज वेळेवर आलोय."

भाचीने घड्याळ पाहिले. चार वाजत होते. बाई माझ्यापाशी आल्या, पहिली ओळ मान वर करून वाचली आणि पुढच्या एकेका ओळीखाली बोट ठेवत बोलू लागल्या. आवाज आधी कापत होता. तिसऱ्या ओळीशी त्या अडल्या, वाचले, आणि "अगं बाई, असं होतं होय," असे स्वतःशीच म्हणाल्या. मग आवाज कापेनासा झाला. सातवी ओळ झाल्यावर त्यांनी वळून पाहिले.

"सहज दिसतं ना, सर?"

"नाही बाई," सहजराव म्हणाले. "मला जन्मात दिसलं नसतं."

बाईंनी सातही ओळी वहीत स्वतःच्या हाताने उतरवल्या. त्या ओळींचे पुढे काय झाले ते मला ठाऊक नाही. फळ्याला कोण कळवणार? मग त्यांनी डस्टर मागितले.

"अहो, राहू द्या की," सहजराव म्हणाले.

"सत्र संपलं की फळा पुसायचा असतो."

त्यांनी सावकाश पुसले. मला बरे वाटले आणि रितेही वाटले. चौदा वर्षांची सोबत होती ती.

आता मी आणि माझा भाऊ तळमजल्यावरच्या सामानाच्या खोलीत भिंतीला टेकून आहोत. मित्रांनो, मला तुमच्याकडून फार काही नको. कुठलाही फळा पुसण्याआधी एकदा वाचा. कुणी 'मागे आहे' म्हणाले तर हसण्याआधी मागे जाऊन पाहा. आणि कुणी चार वाजता बोलणार असेल, तर चहा तसाच ठेवून चारला जा.

माझे म्हणाल, तर मी पूर्ण कोरा नाही. लाकडी पायरी नव्हती, बाई वाकलेल्या, त्यांचा हात माझ्या माथ्यापर्यंत पोचला नाही. पहिली ओळ तशीच राहिली आहे. समजा, दोन आहेत.