बसून पाहिलेलं सिंहासन

त्या राज्यात तीन वर्षं कोणी बसलं नव्हतं.

बसायला बंदी होती असं नाही. आधी राजाने सिंहासनावर बसायचं, मग त्याला विचारून बाकीच्यांनी, एवढा साधा शिरस्ता होता. पण राजाच तीन वर्षं उभा होता. त्यामुळे दरबार उभा, कचेऱ्या उभ्या, शाळेत पोरं उभ्याने पाढे म्हणायची आणि न्हावी उंच गिऱ्हाइकाला हात जोडून घालवून द्यायचा. आडवं व्हायला हरकत नव्हती, कारण आडवं होण्याबद्दल शिरस्त्यात काही लिहिलेलं नव्हतं. रीतसर बसलेला माणूस राज्यात एकच, आणि तो शिक्षा म्हणून तुरुंगात बसला होता.

तो एका सुतारणीचा बाप. त्याला सगळे काटकोन म्हणत. त्याच्या कामाला कोन तपासायचा गुण्या लावून पाहिला आणि फरक निघाला, तर लोक गुण्या बदलून आणत.

त्यांच्या घराचा एक नियम होता: बसून पाहिल्याशिवाय काम उंबऱ्याबाहेर जात नाही. खुर्ची असो, बाक असो, पाळणा असो. पाळण्यात काटकोन कसे बसायचे हे कोणी विचारत नसे, पण बसायचे. हा नियम त्यांनी जन्मात एकदाच मोडला.

झालं असं, की शंभर वर्षांपूर्वीच्या थोरल्या राजाचं सिंहासन एका टेकडीखाली सापडलं. हा थोरला राजा म्हणजे न्यायाचा पुतळा. गरिबातला गरीब माणूस आला तरी पुढे झुकून त्याचं ऐकायचा, असं आजही सांगतात. सिंहासनाला चार पाय आणि प्रत्येक पायावर एक लाकडी सिंह. डावीकडचा पुढचा पाय वाळवीने पोखरलेला. काटकोनांनी त्या सिंहाखाली नवा पाय बसवला, चारही पाय एका पातळीत आणले आणि सवयीप्रमाणे बसायला गेले. पहारेकऱ्यांनी भाले आडवे धरले. राजाशिवाय कोणी बसलं तर मृत्युदंड. काटकोनांनी विचार केला आणि सिंहासन तसंच दिलं.

दुसऱ्या दिवशी नवा राजा बसायला गेला, तर पहिल्या सिंहाने तोंड उघडलं.

"थांब. थोरल्या राजाइतका दानशूर आहेस का? नाहीतर त्याची गोष्ट ऐक."

गोष्ट सकाळभर चालली. मग दुसऱ्या सिंहाने थोरल्या राजाच्या शौर्याची काढली. चौथ्याचं संपेपर्यंत दरबार उठायची वेळ झाली, म्हणजे नुसती जायची वेळ झाली. उठलेले सगळे होतेच. दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून. असं तीन वर्षं. सिंहासन बिघडवल्याबद्दल काटकोनांना तुरुंगात टाकलं. जाताना त्यांनी स्वतः जोडलेलं एक स्टूल तेवढं बरोबर नेलं.

एके दिवशी दुपारी प्रधानजी सुतारणीच्या कारखान्यात आले. ती कुबडी तासत होती. खुर्च्यांना गिऱ्हाईक नव्हतं, पण कुबड्यांचा खप भलताच वाढला होता.

"पोरी, ठरलं आता," प्रधानजी भिंतीला टेकून म्हणाले. "आज संध्याकाळी सिंहासन फोडून जाळणार आणि तुझ्या बापाला कायमचं हद्दपार करणार. त्यांच्याच हाताने बिघडलं ना!"

"बाबांच्या हातून बिघडत नाही."

"मग सिंह बोलतात कशाला?"

"ते मला कसं ठाऊक? मी बसून पाहिलंय कुठे?" तिने रंधा, पटाशी आणि गुण्या पिशवीत टाकला. "चला."

दरबारात माणसं एकमेकांना टेकून उभी होती. उंच चौथऱ्यावर राजा. पंचविशीतला, चेहऱ्याने भला, पाय सुजून दोन मापं मोठे जोडे घातलेले. चौथऱ्याच्या डावीकडे एक आजी अर्ज घेऊन उभी होती. तीही तीन वर्षं तिथेच होती. तिचा आवाज बारीक आणि राजा उंचावर, त्यामुळे तिचं म्हणणं काय आहे हे अजून कोणाच्या कानावर गेलं नव्हतं.

सुतारणीने गुण्या लावला. काटकोन. चारही पाय मोजले. केसाचाही फरक नाही. चूक सापडली असती तर दुरुस्त करता आली असती. इथे चूकच नव्हती आणि संध्याकाळ व्हायला आली होती.

"बसून पाहावं लागेल," ती म्हणाली.

"मृत्युदंड," प्रधानजी म्हणाले.

"आमच्याकडे त्याशिवाय कळत नाही."

"आणि आमच्याकडे दंडाशिवाय भागत नाही. राजाखेरीज कोणीही बसलं तर..."

"मग हिला राजा करा," राजा म्हणाला.

"महाराज?"

"शिरस्त्यात आहे की, राजा आपला मुकुट ज्याला देईल तो राजा. तुम्हीच पाठ करून घेतलंत माझ्याकडून, उभ्याने." त्याने मुकुट काढला आणि सुतारणीच्या डोक्यावर ठेवला. तो तिच्या कानावरच्या पेन्सिलीवर अडकून जरा तिरका राहिला. मग राजा चौथऱ्याच्या पायरीवर मटकन बसला. परवानगी विचारायचं त्याच्या लक्षातच आलं नाही; आजवर कोणाला विचारायची वेळ कुठे आली होती! "आई गं," तो म्हणाला. राजपद सोडल्यावरचे त्याचे हे पहिले शब्द.

सुतारीण सिंहासनाकडे वळली. पहिल्या सिंहाने तोंड उघडलं.

"थांब. थोरल्या राजाइतकी दानशूर आहेस का?"

"नाही."

"शूर?" दुसऱ्याने विचारलं.

"अजिबात नाही."

"ज्ञानी?" तिसरा म्हणाला.

"पाढे येतात. सतराचा सोडून."

चौथा, डावीकडचा पुढचा, जरा चिडलाच. "मग बसतेस कशाला?"

"डुगडुगतं का बघायला."

सिंहांनी एकमेकांकडे पाहिलं. आजवर बसायला आलेल्या कोणी हे कारण दिलं नव्हतं. आणि ह्यावर त्यांच्याकडे गोष्टही नव्हती. ती बसली.

सिंहासन डुगडुगलं नाही. इतकं सरळ होतं की पाठ आपोआप मागे टेकली, पाय सैलावले आणि समोरची माणसं दूर, धूसर दिसू लागली. पाचव्या श्वासाला तिला जांभई आली.

"कळलं?" चौथा सिंह खालून म्हणाला.

"हे फार आरामाचं आहे."

"तेच तर! आमचा राजा काय मुद्दाम झुकायचा होय? माझा पाय पहिल्यापासून सूतभर आखूड होता. मागे टेकायला गेला की घसरून पुढे डावीकडे यायचा, थेट फिर्याद सांगणाऱ्याच्या तोंडाशी. आता इतक्या जवळ आल्यावर ऐकण्याशिवाय करणार काय? ऐकून ऐकून न्यायी झाला बिचारा. ह्या सरळ केलेल्यावर जो बसेल तो झोपेल. म्हणून आम्ही कोणाला बसू देत नाही."

"मग हे आधी का नाही सांगितलंत?"

"आम्हाला कोणी विचारलं का?"

सुतारणीने खाली पाहिलं. सूतभर म्हणजे नेमकं किती? जुना पाय तर कधीच काढून टाकलेला. आणि मग तिला बाबांचा स्वभाव आठवला. लाकडाचा तुकडा टाकणं त्यांना जमत नसे.

"प्रधानजी, राजा हुकूम करतो तो कसा?"

"नुसतं बोलायचं... महाराज," प्रधानजी जड जिभेने म्हणाले.

"माझ्या बाबांना सोडा. आणि ते ज्या स्टुलावर बसलेत तेही आणा."

काटकोन आले. दाढी वाढलेली, काखेत स्टूल. वर पाहून त्यांनी डोळे बारीक केले.

"मुकुट वाकडा आहे तुझा."

"असू दे, बाबा. तुम्ही बसवलेल्या पायात खोट आहे."

"माझ्या कामात?" तुरुंगातही न गेलेला त्यांचा रंग आता गेला. "गुण्या लाव!"

"लावला. कणभरही फरक नाही. तीच खोट आहे." तिने सगळं सांगितलं. काटकोनांनी सिंहासनाचा पाय एकदा बोटाने चाचपला. मग त्यांनी स्टूल उलटं केलं. त्याचा एक पाय काळा, वाळवीने खाल्लेला, पण टोकाला शाबूत होता.

"चांगलं लाकूड होतं," ते पुटपुटले. "टाकवेना."

तो पाय शेजारी धरून त्यांनी नव्या पायावर खूण केली. मुलीने सिंहासन कलतं धरलं, बापाने पटाशी चालवली. आपणहून काम वाकडं करायची त्यांची पहिलीच वेळ, त्यामुळे दात-ओठ खाऊन करत होते. सूतभर लाकूड खाली पडलं, तसा चौथ्या सिंहाने मान मोकळी केली.

सुतारीण पुन्हा बसली, घसरून पुढे आली, मान डोलावली आणि उतरली. "झालं. बसून पाहिलंय." तिने मुकुट राजाच्या डोक्यावर ठेवला.

राजा भीत भीत चढला. सिंह गप्प. तो टेकला, टेकता टेकता घसरला, पुढे डावीकडे आला, आणि त्याचा कान नेमका आजीच्या तोंडाशी आला.

"बोला आजी," तो म्हणाला. आता दुसरं करण्यासारखं काही नव्हतंच. "काय अर्ज आहे?"

"बसू का?" आजीने विचारलं.

सगळ्या दरबाराने आपापल्या गुडघ्यांकडे पाहिलं.

"बसा," राजा म्हणाला. "सगळेच बसा."

खुर्च्या नव्हत्या, तेव्हा सगळे जमिनीवरच बसले. गुडघ्यांचा असा आवाज झाला की बाहेर कबुतरं उडाली. प्रधानजींना बसायचं कसं ते आठवेना. दोघांनी धरून त्यांना दुमडलं.

दुसऱ्या दिवसापासून कारखान्यापुढे खुर्च्यांसाठी रांग लागली. शाळेच्या मास्तरांना एक हवी होती, कोतवालाला एक, एका सासूबाईंना दोन. आणि प्रत्येकाचं म्हणणं एकच: डावा पुढचा पाय सूतभर आखूड.

"दरिद्री काम," काटकोन पटाशीला धार लावत म्हणाले. मग पहिली खुर्ची त्यांनी हातभर लांब धरून पाहिली आणि मुलीपुढे सरकवली.

"बसून पाहा गं," ते म्हणाले. "पुरेशी वाकडी झालीय का?"