एक्कावन्नच्या खाली

५१

चिटणिसाने हजेरीपटाच्या शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं, पान उलटलं. मागे कोरं. पुन्हा उलटलं. एक्कावन्न. त्याखाली सरांनी पट्टी धरून मारलेली लाल रेघ.

माजी विद्यार्थ्यांच्या फुटबॉल क्लबला रविवारी चाळीस वर्षं होत होती. क्लबचा इतिहास लिहायचं काम चिटणिसाकडे होतं, आणि हा पट क्लब काढणाऱ्या वर्गाचा. मॅचनंतर त्या वर्गाचे सर याच पटावरून हजेरी घेणार होते.

क्लबात खेळायचं तर शाळेत शिकलेलं असावं लागे, आणि जर्सीवर शाळेतलाच हजेरी क्रमांक.

गोलकीपर पहिल्या मॅचपासून बावन्न होता.

१७

चिटणीस क्लब काढणाऱ्या वर्गापेक्षा दहा वर्षांनी धाकटा. त्याचा क्रमांक सतरा. त्या वर्गातल्या वायरमनचाही सतराच. आकडा एकच आला तर धाकट्याने बाकावर बसायचं, असा नियम. तो अकरा वर्षं बसला. वायरमन थकला तोवर चिटणिसाचा गुडघा कामातून गेला होता. मग त्याला चिटणीस केलं. सगळ्या मॅच नीट पाहिलेला तोच एक होता.

५२

"पटावर एक्कावन्नच आहेत," गोलकीपरच्या शिवणाच्या दुकानात शिरत चिटणीस म्हणाला.

मशीन चालूच राहिलं.

"बस. त्या कापडावर नको, गिऱ्हाईकाचं आहे."

"दादा, तुम्ही आमच्या शाळेत होतात का?"

"होतो की. गणवेशाची मापं घ्यायला."

चिटणीस हसला नाही. गोलकीपरने दाताने दोरा तोडला.

"अकरा जर्स्या शिवून मैदानावर पोचवल्या, तर पोरं दहाच. अकराव्याला कांजिण्या. म्हणाले, तूच उभा राहा. म्हटलं, दुसऱ्याच्या आकड्यावर गोल कशाला खा? त्याचा उसवला, पटावर शेवटचा कितवा ते विचारलं, पुढचा टाचला. चार गोल खाल्ले. तरी पुढच्या रविवारी बोलवायला दारात हजर."

"आणि नियम?"

"नियम होताच. गोलकीपर नव्हता."

"मी अकरा वर्षं बाकावर काढली, दादा. एका आकड्यापायी."

आता मशीन थांबलं.

"खरं आहे," गोलकीपर म्हणाला. "तू खरं तेच लिही. रविवारी सर पट वाचायला लागले की मी पाणी आणायला जाईन. कुणाच्या लक्षातही यायचं नाही."

त्याने चिटणिसाच्या खांद्यांकडे जरा वेळ पाहिलं आणि पुन्हा पायडलवर पाय ठेवला.

( )

मॅच हरले. सर खुर्चीत बसले, पट मांडीवर घेतला. गवतात बसलेल्या टकलांनी पाय जवळ ओढून घेतले.

"बावीस."

"हजर सर."

"तेवीस."

कुणी बोललं नाही. पूर्वी थांबत तेवढंच सर थांबले, पुढे गेले.

हजेरीने चाळिशी ओलांडली तसा गोलकीपर बादली घेऊन उठला. चिटणीस नजर खाली घालून गवत उपटत राहिला.

"एक्कावन्न."

"हजर सर," वायरमनच्या शेजारून आवाज आला.

सरांनी चष्मा नीट केला. लाल रेघेखाली निळ्या शाईत एक ओळ होती.

"बावन्न."

नळापाशी बादली टेकली.

"बावन्न! कान घरी ठेवून आलास?"

"हजर..." गोलकीपर ताठ उभा राहिला. "हजर, सर."

"आणि हे कुत्र्याचे पाय मांजराला कुणी काढलेत माझ्या पटात?"

सगळा वर्ग आपापल्या बुटांकडे बघू लागला. सरांनी पट मिटला आणि चिटणिसाच्या हातात दिला.

माणसं पांगल्यावर गोलकीपर बाकापाशी आला. पिशवीतून एक घडी काढून त्याने चिटणिसाच्या मांडीवर टाकली.

"घालून बघ. त्या दिवशी नुसत्या नजरेनं माप घेतलंय, खांद्यात घोळ असेल."

चिटणिसाने घडी उलगडली. पाठीवर त्रेपन्न.

"दादा, पण पटावर..."

गोलकीपर त्याच्या शेजारी बाकावर बसला.

"पेन आणलंयस ना?"