गेरूचा पट्टा

भोरला कारखाना येणार ही बातमी आम्ही भोरकरांनी इतक्या वेळा ऐकली होती, की तो खरोखर आला असता तर आम्ही त्याला ओळखलंच नसतं. आधी साबणाचा येणार होता, मग काचेचा. बटणांचा कारखाना काढणारे एक गृहस्थ तर आठवडाभर राहिले, जेवले आणि जाताना आंबेमोहोराचं पोतं घेऊन गेले. बटण काही आलं नाही. भाटघरला धरण तेवढं झालं, पण पाणी गेलं खालच्या मुलखातल्या उसाला. आमच्याकडे धरण उशाला आणि कोरड घशाला. पाहुण्यांना दाखवायला एक भिंत मिळाली, एवढाच काय तो फायदा.

म्हणून चार शहाणी मंडळी जमली आणि भोरात उद्योग मंडळ निघालं. चिटणीस झाले श्रीपादराव, संस्थानच्या कचेरीतले थोरले कारकून. माणूस सचोटीचा, कुणाच्या चहालाही मिंधा नाही, आणि त्यामुळेच त्यांच्याशी वाद घालायची सोय नव्हती. त्यांचं एक ठाम मत होतं. कारखाना जमवणं आणि मुलीचं लग्न जमवणं ही एकाच जातीची कामं. स्थळ आलं की बोभाटा करायचा नाही, मुलगी चांगल्या उजेडात दाखवायची, आणि देण्याघेण्याचा शब्द शेवटपर्यंत तोंडातून काढायचा नाही. त्यांनी आपल्या सगळ्या मुली याच रीतीनं उजवल्या होत्या, त्यामुळे मंडळात कुणी हरकत घेतली नाही. मी वर्गणीदार होतो. मीही मान डोलावली.

साल एकतीस-बत्तीसचं असेल. स्वदेशी आगपेटीला तेव्हा बाजारात मान होता. मुंबईचे एक शेट आगपेट्यांचा कारखाना काढायला जागा शोधत होते, आणि त्यांना हवी होती सावर. सावरीचं लाकूड मऊ आणि सरळ, त्याच्या काड्या छान निघतात. आमच्या लोकांच्या लेखी मात्र या झाडाला काही किंमत नव्हती. घराला चालत नाही, औताला चालत नाही. कापूस उशीत भरतात आणि बुंधा होळीला लावतात, की संपलं. विंझरच्या वरच्या रानात अशा सावरी शंभरावर उभ्या होत्या. फाल्गुनात पानं झडून झाड लालभडक फुललं की वेल्ह्याच्या वाटेवरून एकेक मोजून घ्यावं. श्रीपादराव म्हणाले, "शेटना फाल्गुनातच आणायचं. मुलगी त्याच दिवसांत उठून दिसते."

माघाच्या सुरुवातीला ते विंझरला जाऊन रखमाजी पाटलांना भेटले. कारखाना येणार, धुळवडीला शेट येणार, गाव झाडून सारवून ठेवा, असं सांगितलं. ओट्याखाली बायामाणसं गोळा झाली होती. त्यांत बाळाबाई होती. तिचा नवरा भिमा मुंबईला गोदीत हमाली करायचा आणि वर्षातून एकदा, शिमग्याला, घरी यायचा. त्यांची पोरगी साळू चार वर्षांची. बाप दारात आला की ती आत पळायची आणि सांगायची, "आई, पाव्हणं आल्यात." भिमा हसायचा. बाळाबाईला ते ऐकून आतून तुटायचं.

तिनं पदर सावरून विचारलं, "भाऊसाहेब, गड्यांना हितंच काम गावंल?"

"शेदोनशे लोकांना," श्रीपादराव म्हणाले.

"मंग मुंबईला जाया नगं?"

"कशाला जायचं?"

पाटलांनी विचारलं, "पर आगपेटी करत्यात कशाची, भाऊसाहेब?"

श्रीपादराव सावध झाले. सावरीचं नाव काढलं की उद्या हेच लोक झाडामागे तोडणीचा भाव सांगतील, शेट बिथरतील, स्थळ मोडेल. "गंधकाची," ते म्हणाले. "बाकी सामान मुंबईहून येतं." एवढं बोलून ते उठले. वाटेत त्यांना आपल्या धूर्तपणाचं फार कौतुक वाटलं असावं, कारण भोरला आल्यावर त्यांनी ते आम्हांला दोनदा सांगितलं.

मग त्यांनी शेवटची पक्की गोष्ट केली. जंगलाचा राखा गेनू याला हुकूम दिला, की विंझरच्या रानातल्या एकूणएक सावरीला गेरूचा पट्टा ओढ. कशासाठी ते विचारायचं नाही आणि कुणाला सांगायचंही नाही. शेटना मोटारीत बसल्याबसल्या माल दिसावा, एवढाच हेतू. गेनू आज्ञाधारक. त्यानं मडकंभर गेरू कालवला, सगळं रान रंगवलं आणि कुणी विचारायच्या आत दुसऱ्या खोऱ्यात निघून गेला.

आता विंझरची एक रीत सांगायला हवी. ती श्रीपादरावांना ठाऊक नव्हती, कारण ती कचेरीच्या कुठल्याच कागदात नव्हती. संस्थानच्या रानातलं झाड तोडायला बंदी होती. फक्त होळीसाठी गावाला वर्षाला एक सावर मिळायची. माघी पौर्णिमेच्या आधी राखा यायचा आणि एका झाडाला गेरूचा पट्टा ओढायचा. पट्टा म्हणजे परवानगी. त्या झाडाला हळदकुंकू लावून तोडायचं, बुंध्याचा सोट होळीच्या जागी आणून ठेवायचा आणि महिनाभर वाळू द्यायचा. पट्टा पडलेलं झाड होळीचं झालं. ते उभं ठेवलं तर होळी कोपते, गावात रोगराई येते. हे लहान पोरालाही माहीत होतं.

आणि या साली पट्टे शंभरावर.

गाव आधी चक्रावलं, मग हरखलं. रखमाजी पाटलांनी अर्थ लावला, आणि खरं सांगायचं तर तो अर्थ अगदी रास्त होता. "आगपेटीचा शेट यायचाय धुळवडीला. त्येला जाळ दाखवायचा न्हाई तर काय दाखवायचं? दरबारानं बगा कसं वळखून झाडं दिली. आता आपली अब्रू आपल्या हातात."

कारखान्याची वार्ता ऐकून भिमा या वर्षी महिनाभर आधीच आला होता. मुकादमानं त्याची जागा फक्त होळीपर्यंत राखली होती. होळीनंतर हजर झाला नाही तर जागा दुसऱ्याला. बाळाबाईनं त्याला स्पष्ट सांगितलं, "अवं, आता जायाचं न्हाई. शेट आला की त्येच्या फुडं जाऊन हुबं ऱ्हावा. त्येनं म्हनाया पायजे, गडी असावा तर असा."

विंझरात भिमासारखी कुऱ्हाड कुणाची चालत नव्हती. रोज पहाटे तो रानात जायचा, बाळाबाई मागून भाकरी घेऊन जायची आणि प्रत्येक झाडाला हळदकुंकू वाहायची. कुऱ्हाड पडायच्या आधी ती हात जोडून म्हणायची, "होळीबाई, ह्येला हितंच ठेव." इतकी झाडं, तितकेच नवस. वाडीवाडीतली मुंबईची माणसं आली तशी तोडायला लागली, पण निम्म्याहून जास्त सावरी एकट्या भिमानं पाडल्या. ती त्या दिवसांत फार सुखात होती. नवरा रोज संध्याकाळी घरी येत होता आणि साळू त्याच्या खांद्यावर बसायला लागली होती.

फाल्गुनी पौर्णिमेला जी होळी पेटली ती पंचक्रोशीनं पाहिली. ज्वाळा मंदिराच्या कळसाच्या वर गेली म्हणतात. बायकांनी पुरणपोळ्या टाकल्या, गड्यांनी बोंबा ठोकल्या. बाळाबाईनं नारळ टाकला आणि आपला मागचाच नवस पुन्हा बोलली.

दुसऱ्या दिवशी, धुळवडीला, आम्ही शेटना घेऊन निघालो. शेटना तोच दिवस मोकळा होता, मुंबईचा बाजार बंद म्हणून. ते पुण्याहून मोटार घेऊन आले, आम्ही नसरापुरला त्यांना गाठलं. पुढे शेट आणि श्रीपादराव, मागे मी आणि मंडळातले वकील नारायणराव. श्रीपादराव वाटभर रंगात आले होते. "आता या वळणावर बघा," ते म्हणाले. "लाल फुलांनी डोंगर पेटल्यासारखा दिसेल."

वळण आलं. डोंगर उघडाबोडका. नुसते खुंट, आणि बांधावर एकच सावर फुललेली.

श्रीपादरावांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. खुंट तसेच होते.

गावाच्या वेशीवर ताशा वाजत होता. पाटलांनी शेटना गुलाल लावला, होळीची रक्षा कपाळाला लावली आणि छाती फुगवून म्हणाले, "शेट, अशी होळी विंझरला आजवर झाली न्हाई. समदी तुमच्यापायी."

"कसलं लाकूड?" शेटनी विचारलं.

"सावर. दुसरं काय. रानातली झाडून समदी."

शेट सभ्य माणूस. मला वाटलं ते ओरडतील, पण त्यांनी नुसतं राखेच्या ढिगाकडे पाहिलं. ढीग अजून धुमसत होता. मग हळूच म्हणाले, "पाटील, माझा कारखाना याच लाकडावर चालायचा होता."

ताशा थांबला. कुणाला चटकन कळलं नाही, आणि कळलं तेव्हा कुणी कुणाकडे पाहिना. भिमा ठरल्याप्रमाणे सगळ्यांच्या पुढे येऊन उभा होता, धुतलेला सदरा घालून.

बाळाबाई सरळ श्रीपादरावांसमोर आली. "भाऊसाहेब, तुमाला ठावं हुतं?"

"होतं."

"मंग आमाला का न्हाई सांगितलं?"

श्रीपादराव खोटं बोलत नसत. "सांगितलं असतं तर तुम्ही भाव वाढवला असता."

"भाव?" तिचा आवाज फाटला. "म्या त्या झाडांना राखन बसले असते, भाऊसाहेब! फुकट बसले असते!"

मला त्या क्षणी श्रीपादरावांचा संताप आला, आणि आमच्या सबंध मंडळाचाही. पण गुलाल लावलेल्या तोंडानं संतापता येत नाही. नारायणराव घसा खाकरून म्हणाले, की गंधकाच्या दृष्टीनं ही जागा अजूनही सोयीची आहे.

शेटनी नारळ घेतला, पुरणपोळी खाल्ली, नावं ठेवली नाहीत. निघताना पाटलांना म्हणाले, "सावर वाढायला पंधरा वर्षं लागतात. वाढली की कळवा." बांधावरच्या त्या एकुलत्या झाडाकडे मोटारीतून बोट दाखवून म्हणाले, "हे झाड चांगलं आहे." ते झाड बाळाबाईचं. खाजगी जागेतलं, म्हणून गेनूनं त्याला पट्टा ओढला नव्हता. मंडळाच्या पुढल्या बैठकीत श्रीपादरावांनी निवेदन केलं, की शेटनी जागा पाहिली आणि गावाच्या उत्साहाबद्दल समाधान व्यक्त केलं. शब्द न् शब्द खरा होता. टाळ्या पडल्या.

भिमा त्याच संध्याकाळी निघाला. जागा जाईल म्हणून थांबता येत नव्हतं. साळू रडत वेशीपर्यंत मागे गेली.

पुढच्या शिमग्याची हकिगत मला गेनूनं सांगितली. माघी पौर्णिमा जवळ आली तरी होळीला सावर मिळेना. खुंटांना कोंब फुटले होते, पण कोंबाची होळी होत नाही. रखमाजी पाटील बाळाबाईच्या ओट्यावर येऊन बसले. त्या बांधावरच्या झाडाला तिनं वर्षभर जपलं होतं. उन्हाळ्यात घागरीनं पाणी घातलं होतं. शेटनी बोट दाखवलं होतं ना त्याच्याकडे. एक झाड राहिलं तर बी राहील, बी राहिलं तर रान होईल, असं ती विहिरीवर बायकांना सांगायची, आणि बायका हसायच्या.

पाटील म्हणाले, "झाड तुजं हाय, बाळे. न्हाई म्हन, आमी रागावनार न्हाई. पर होळीच न्हाई म्हटल्यावर मुंबईची मान्सं येत्याल कशाला?"

बाळाबाईनं झाडाकडे पाहिलं. कारखाना आला तर पंधरा वर्षांनी येणार होता. भिमा महिन्यानं येणार होता. ती उठली, आत जाऊन वाटीत गेरू कालवला, आणि आपल्या हातानं झाडाला पट्टा ओढला.

होळीच्या आदल्या दिवशी भिमा आला. बोचकं खाली ठेवून दारात उभा राहिला. साळू वर्षानं मोठी झाली होती, आता ती आत पळाली नाही. तिनं त्याला नीट न्याहाळलं आणि चुलीपाशी बसलेल्या आईला तिथूनच हाक मारली, "आई, शिमग्याचं पाव्हणं आल्यात."